सामुदायिक जबाबदारी नावाची पळवाट

अंधेरीच्या सीप्झपासून मालाडच्या माइंडस्पेसपर्यंत आणि पवईच्या हिरानंदानीपासून मुलुंडच्या चेकनाक्यापर्यंत सॉफ्टवेअर पिकवणाऱ्या ज्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्यांत एक वाक्य मंत्रासारखे जपले जाते: ‘हे टीमचे काम आहे.’ वाक्य गोंडस आहे, आणि वरवर पाहता उदारही. आमचा आक्षेप वाक्याला नाही. ते केव्हा उच्चारले जाते याला आहे. यश आले की टीम म्हणजे टीमचा प्रमुख. बिघाड झाला आणि क्लायंट चौकशी करू लागला की टीम म्हणजे कोणीच नाही. आणि क्लायंट फारच हट्टाला पेटला तर टीम म्हणजे दोन वर्षांच्या अनुभवाचा तो मुलगा, ज्याचे नाव नेमके त्या ओळीपुढे नोंदले गेले आहे. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ सोयीनुसार फिरवता येतात, म्हणूनच तो शब्द इतका लाडका आहे. ही सामुदायिक जबाबदारी नव्हे, जबाबदारीतून निसटण्याची सामुदायिक सोय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

या व्यवसायाशी ज्यांचा संबंध नाही अशा वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. पाच-पन्नास माणसे मिळून एखादी प्रणाली लिहितात तेव्हा प्रत्येक बदल एका सामाईक वहीत नोंदवला जातो. त्या नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. काय बदलले, केव्हा बदलले, का बदलले आणि कोणी बदलले, एवढ्या चार गोष्टी त्या नोंदीत असाव्यात अशी अपेक्षा असते. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या गरजेपोटी ‘गिट’ हे साधन लिहिले, आणि आज आपल्याकडील बहुतेक कंपन्यांची वही हीच आहे. गिटच्या प्रत्येक नोंदीत दोन नावांना जागा असते: ज्याने बदल लिहिला तो लेखक, आणि ज्याने तो वहीत चढवला तो नोंदकर्ता. अनेकदा दोघे एकच असतात. पण एकाने लिहून पाठवावे आणि दुसऱ्याने तपासून चढवावे ही लिनक्सची रीत असल्याने हा भेद मुळातच ठेवलेला आहे. गोम एवढीच की नाव ज्याचे त्याने भरावयाचे असते. गिट कोणाकडे ओळखपत्र मागत नाही. सही करून नोंद पक्की करण्याची सोय आहे, सक्ती नाही. थोडक्यात, वही विश्वासावर चालते, आणि तो विश्वास राखावा की मोडावा हे वही बाळगणारी संस्था ठरवते.

मराठी वाचकाला हा लेखक-नोंदकर्ता भेद परका वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींच्या शेवटी ग्रंथाचा शक १२१२ दिलेला असतो आणि त्याच जागी दोन नावे येतात: टीका करणारे ज्ञानेश्वर आणि ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांच्या हस्तलिखित परंपरेत पाठभेद वाढले होते, ते त्यांनी निवारले. हे काम त्यांनी गुपचूप केले नाही. आपण हे केव्हा केले आणि का केले ते त्यांनी आपल्या नावानिशी ग्रंथाच्या अखेरीस नोंदवले, आणि ज्ञानेश्वरीत स्वतःच्या ओव्या घुसडू पाहणारांना कडक शब्दांत बजावलेही. बदल, त्याचा काळ, त्याचे कारण आणि बदलणाराचे नाव: वर सांगितलेल्या चारही गोष्टी तेथे आहेत.

नाममुद्रेचेही तसेच. अभंगाच्या शेवटी कवी आपले नाव गुंफतो ते मिरवण्यासाठी, असे ज्यांना वाटते त्यांनी कान्होबांकडे पाहावे. तुकोबांच्या या धाकट्या भावाने अभंग रचले, पण थोरल्या भावाची मुद्रा वापरली नाही. ‘तुकयाबंधु’ अशी आपली वेगळी मुद्रा ठेवली. जनाबाईंनी स्वतःला नामयाची दासी म्हटले, पण अभंगावर मुद्रा जनीचीच उमटवली. नम्रता आणि अनामिकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या मंडळींना पक्के ठाऊक होते. आणि जेथे नाव धूसर राहिले तेथे काय झाले? नामदेवांच्या गाथ्यात नंतरच्या शतकातील विष्णुदास नामा याची रचना मिसळली, आणि कोणता नामा कोणता हे निवडण्यात अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. तेथे निदान कोणाचा हेतू वाईट नव्हता. सॉफ्टवेअरच्या वहीत नाव धूसर करणारांबद्दल तेवढे म्हणता येईल की नाही, याबद्दल आम्हांस शंका आहे.

नाव धूसर होते कसे, तेही सांगितले पाहिजे. लायसन्सचे चार पैसे वाचावेत म्हणून आठ जणांना एकच लॉगिन दिले जाते. कंत्राटी माणसाला स्वतःचे खाते मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या कायम नोकराच्या नावाने कमिट करतो. इकडे अंधेरीत रात्री अकराला लिहिलेला बदल तिकडे क्लायंटच्या ऑफिसात बसलेला समन्वयक सकाळी आपल्या नावाने चढवतो. एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे काम गेले की जुनी वही फेकून दिली जाते आणि नव्या वहीची पहिली नोंद एकाच नावाने, एकाच दिवशी, लाखभर ओळींची असते. जणू तो सगळा कोड एका माणसाने एका दुपारी प्रसवला. हे आम्ही कोणा एका कंपनीविषयी लिहीत नाही. या धंद्यात ज्याने चार वर्षे काढली आहेत त्याने यांतील निदान दोन गोष्टी स्वतः पाहिल्या असतील.

याचे मूळ आळसात नाही, हिशेबात आहे. सीप्झ १९७३ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी उभे राहिले आणि पुढे सॉफ्टवेअरचे आगर झाले, तेव्हापासून या शहराने प्रणाली जितकी विकली त्याहून अधिक माणसांचे तास विकले. बिल ‘मनुष्य-महिन्यां’चे निघते. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात हे परिमाण फसवे असल्याचे दाखवून दिले, कारण माणसे आणि महिने यांची परस्परांत अदलाबदल होत नाही. पण ज्याला माणसे विकावयाची आहेत त्याच्या दृष्टीने ती अदलाबदल होणे हाच तर मालाचा गुण. ‘अमुक गेला तर तमुक बसवू’ असे क्लायंटला सांगावयाचे असेल, तर अमुकाचे नाव वहीत ठळक असणे अडचणीचे ठरते. नाव पुसले जाते ते म्हणून.

यावर कोणी म्हणेल, पगार घेतला, कोड कंपनीचा झाला, मग नावाचा हट्ट कशाला? येथे मालकी आणि कर्तृत्व यांचा घोटाळा केला जातो. आमच्या साहित्यप्रेमी वाचकांस मौज वाटेल, पण १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्याच्या व्याख्येत संगणकाचा प्रोग्राम ही ‘साहित्यकृती’ आहे. ज्या रकान्यात कादंबरी, त्याच रकान्यात पगारपत्रक काढणारा कोड. नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो हे त्याच कायद्याचे कलम १७ सांगते. पण मालक म्हणजे कर्ता नव्हे. कलम ५७ कर्त्याला ‘ही कृती माझी आहे’ असे म्हणण्याचा अधिकार प्रताधिकाराहून वेगळा देते, आणि प्रताधिकार दुसऱ्याच्या स्वाधीन केल्यावरही तो उरतो असे म्हणते. कोड मालकाचा असेल, तो मी लिहिला ही वस्तुस्थिती मालकाची होत नाही. वस्तुस्थिती पगारात विकत घेता येत नाही.

आता प्रतिपक्षाच्या बाजूने जे सर्वांत बळकट आहे ते पाहू. पहिला युक्तिवाद निरहंकाराचा. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ साली अहंकारविरहित प्रोग्रामिंगची कल्पना मांडली. कोडला आपले अपत्य समजू नका, दुसऱ्याला दाखवा, चुका काढू द्या, असा तिचा आशय. तिच्याशी आमचे भांडण नाही. पण चुका काढू देण्यासाठी कोड कोणाचा आहे हे आधी माहीत असावे लागते. अहंकार सोडणे ही नाव असलेल्या माणसाने करावयाची गोष्ट आहे. ज्याचे नावच काढून घेतले त्याने काय सोडावयाचे?

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे, आणि तो प्रामाणिक माणसेही करतात. नावे नोंदलीत तर बळी शोधला जाईल, माणसे भितील, चुका लपवतील. म्हणून बिघाडाची चौकशी दोषारोपाविना व्हावी, असे ते म्हणतात. भीती खरी आहे. ओळीपुढे तिचा लेखक दाखवणाऱ्या आज्ञेचे नावच मुळी ‘ब्लेम’ आहे. ‘सबव्हर्जन’ नावाच्या आधीच्या साधनात त्याच आज्ञेला ‘प्रेज’ हे पर्यायी नावही दिलेले होते, म्हणजे दोष आणि स्तुती या दोहोंचा रस्ता एकच आहे हे त्याच्या कर्त्यांनी विनोदाने का होईना ओळखले होते. परंतु दोषारोप टाळणे म्हणजे नोंद टाळणे नव्हे. दोषारोपाविना चौकशी करावयाची तरी अमुक रात्री अमुक ओळ अमुकाने का लिहिली हे त्यालाच विचारावे लागते. वैद्य रोग्याला दोष देत नाही, पण म्हणून केसपेपरवर नाव लिहिण्याचे टाळत नाही.

याचा पुरावा २०१४ सालचा. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची चूक उघडकीस आली. इंटरनेटवरील गुप्त देवाणघेवाण सांभाळणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या मुक्त प्रणालीत एक लांबी तपासावयाची राहून गेली होती, आणि त्या फटीतून जगभरच्या सर्व्हरांच्या स्मृतीतील गुपिते वाचता येत होती. वही उघडी होती. तो बदल कोणी लिहिला, कोणी तपासून आत घेतला, ते २०११ च्या डिसेंबरअखेरच्या नोंदीत नावानिशी दिसत होते. लिहिणाऱ्या जर्मन संशोधकाने चूक आपली, अनवधानाने झालेली, असे जाहीर सांगितले. त्याला फासावर चढवले का? काही दिवस गलका झाला, आणि मग चर्चा जेथे जावयास हवी होती तेथे गेली: अर्धे जग ज्यावर विसंबून आहे त्या प्रकल्पाला पूर्णवेळ माणूस जेमतेम एक, आणि फुकट वापरणाऱ्या बड्या कंपन्यांनी त्यासाठी काहीच केलेले नव्हते. महिना संपण्याच्या आत लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने त्याच कंपन्यांना अशा प्रकल्पांसाठी निधी उभारावा लागला. नाव होते म्हणून चौकशी नावापाशी थांबली नाही. नाव नसते तर ती नाव शोधण्यातच संपली असती.

उलट बाजूचे उदाहरण ब्रिटनच्या टपाल खात्याचे आहे आणि ते अंगावर काटा आणणारे आहे. १९९९ पासून तेथील पोस्टांत ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली बसवली गेली. तिच्यातील चुकांमुळे शाखांच्या हिशेबांत न झालेल्या तुटी दिसू लागल्या आणि शाखा चालवणाऱ्या साध्या माणसांवर अफरातफरीचे खटले भरले गेले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली. कित्येक तुरुंगात गेली, दिवाळखोर झाली, काहींनी जीव दिला. शाखेच्या हिशेबात बाहेरून कोणी हात घालू शकत नाही, असे टपाल कंपनी वर्षानुवर्षे सांगत राहिली. २०१९ च्या डिसेंबरात लंडनच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की प्रणाली बनवणाऱ्या फुजित्सुची माणसे शाखाचालकाच्या नकळत त्याच्या हिशेबात नोंदी घालू शकत होती. एकाच्या हाताने झालेली नोंद दुसऱ्याच्या माथी मारली जाऊ शकते, एवढीच त्या प्रणालीतील उणीव होती असे नाही. पण ती नसती तर न्यायालयात ‘ही नोंद माझी नव्हे’ म्हणणारांचे कोणी तरी ऐकले असते. सामाईक लॉगिनला किरकोळ सोय समजणाऱ्या आमच्या मॅनेजर मित्रांनी हा निकाल अवश्य वाचावा.

अर्थात नाव असले की झाले, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. २०२४ च्या मार्चअखेर ‘एक्सझेड’ या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत चोरदरवाजा सापडला. तो बसवणारा ‘जिया टॅन’ या नावाने दोन-अडीच वर्षे शिस्तीत कमिट करत होता. नोंदी होत्या, नाव होते. नावामागे माणूस कोण ते कोणालाच ठाऊक नव्हते. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला, म्हणून जग वाचले. या प्रसंगाचा धडा नावे निरुपयोगी आहेत असा नव्हे. एकट्या-दुकट्या थकलेल्या माणसावर सगळा भार टाकला की खोट्या नावालाही दार उघडे मिळते, असा आहे. लिनक्सने यावर उपाय २००४ सालीच काढला होता. एससीओ कंपनीने आयबीएमवर २००३ साली लिनक्समधील कोडच्या उगमावरून खटला भरल्यावर असा नियम झाला, की बदल ज्या ज्या हातांतून पुढे जाईल त्या प्रत्येकाने खाली आपले खरे नाव लिहावयाचे: हे देण्याचा मला अधिकार आहे, आणि मी ते पुढे पाठवले. एक नाव नव्हे, नावांची साखळी.

आणि नेमकी हीच साखळी आपल्याकडे अर्ध्यावर तुटते. ओळ लिहिणाराचे नाव कधी कधी असते, तपासणाराचे क्वचित असते. ‘टेस्टिंग राहू द्या, शुक्रवारी सोडा’ म्हणणाराचे नाव कधीच नसते. ते तोंडी सांगितले जाते, जिन्यात सांगितले जाते, फोनवर सांगितले जाते. कालिन्याच्या विद्यापीठाने २०१७ साली जे भोगले ते आठवावे. उन्हाळी सत्राच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय ऐन परीक्षांच्या हंगामात अमलात आला. स्कॅनिंग रखडले, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, राज्यपालांनी घातलेली ३१ जुलैची मुदत टळली, आणि बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या घराघरांत पुढच्या प्रवेशाची पत्रे हातात घेऊन मुले निकालाची वाट पाहत राहिली. २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. सर्वोच्च पदावरील माणसाने किंमत मोजावी हे योग्यच. पण हे वेळापत्रक शक्य आहे असे कोणत्या जाणकाराने लिहून दिले, शक्य नाही असे कोणी सांगितले होते काय, आणि सांगितले असल्यास ते कोणी डावलले, या प्रश्नांची उत्तरे एका माणसाच्या जाण्याने मिळत नाहीत. ती न मिळाल्यास पुढची प्रणालीही तशीच येते.

कागदाच्या जगात निदान सही असते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरजवळ पेट्रोलपंपावर फलक कोसळून १७ माणसे मेली. जास्तीत जास्त ४० फूट बाय ४० फुटांची मुभा असताना तो फलक १२० बाय १२० फुटांचा होता. जागा रेल्वे पोलिसांची, आमची परवानगीच घेतली नाही, असे महापालिका म्हणाली. टोलवाटोलवीचा परिचित खेळ सुरू झाला. परंतु परवानगीचे कागद होते आणि कागदांवर पद होते, म्हणून जूनमध्ये एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला निलंबित करावे लागले. न्याय पुरा झाला असे आम्ही म्हणत नाही. पण टोलवाटोलवीला कोठेतरी अडवणारी गोष्ट ती सहीच होती. फलक पडल्यावर निदान कागद शोधता येतो. सॉफ्टवेअर पडल्यावर शोधावयाचे काय? जिन्यातले बोलणे?

यंत्राकडून कोड लिहवून घेण्याच्या आजच्या दिवसांत तर हा प्रश्न अधिकच तीव्र झाला आहे. कृत्रिम बुद्धीची साधने पानेच्या पाने लिहून देतात. काही साधने नोंदीत सहलेखक म्हणून स्वतःचे नावही घालतात. ‘ते एआयने लिहिले’ ही नवी टीम आहे, आणि या टीममधील सर्वांत सोयीचा सदस्य असा की तो चौकशीला येत नाही, रडत नाही आणि राजीनामाही देत नाही. यंत्राने लिहिले हे नोंदवणे प्रामाणिकपणाचे आहे, अवश्य नोंदवावे. पण वाचून, समजून, मान्य करून ते वहीत चढवणारा माणूसच असला पाहिजे आणि उत्तर त्यानेच दिले पाहिजे. त्याला वाचावयास वेळ न देता रोज वीस बदल चढवावयास लावणारा जो आहे, त्याचेही नाव शेजारी हवे.

आमची मागणी क्रांतिकारक नाही. कंत्राटी असो वा कायम, हात लावणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचे खाते द्यावे. तपासणाराने न वाचता ‘ठीक’ म्हणू नये, आणि म्हटले तर ते त्याच्या नावाने राहावे. काम दुसऱ्या कंपनीकडे जाताना वही पूर्ण इतिहासासह जावी. सोडण्याचा निर्णय घेणाराने तो लेखी, नावानिशी, त्याच वहीत घ्यावा. इशारा डावलला असेल तर तोही तेथेच दिसावा. आणि कमिटांची संख्या मोजून कोणाची पगारवाढ ठरवू नये, कारण असे केले की प्रामाणिक वहीचा बाजार होण्यास एक तिमाही पुरते.

यातील शेवटून दुसऱ्या मागणीला सर्वांत जास्त विरोध होईल, हे आम्ही जाणून आहोत. धाकट्यांची नावे नोंदण्यास कोणत्याच कंपनीची हरकत नसते. ज्यांना आमचे म्हणणे अतिरेकी वाटते त्यांनी आपल्या ऑफिसची वही आज उघडावी आणि गेल्या वेळी प्रणाली बिघडली तेव्हा ती सोडण्याचा निर्णय कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. नाव सापडले तर आम्हांस जरूर कळवावे. त्या कंपनीचे आम्ही मनापासून अभिनंदन करू. नाही सापडले, तर पुढच्या बैठकीत कोणी ‘हे टीमचे काम आहे’ म्हटले की एवढेच विचारावे: तुमच्यासकट, की तुम्हांला वगळून?